पाकिटातलं नारळाचं दूध उरलं की मी ते असं गोठवते

दोघांपुरत्या कोलंबीच्या कालवणाला नारळाचं दूध लागतं जेमतेम 100 मिली, आणि पाकीट येतं 200 मिलीचं. उरलेलं फ्रिजच्या दारात राहतं नि आंबतं. बंद पाकिटातलं दूध टिकतं ते तापवून निर्जंतुक करून हवाबंद भरलेलं असतं म्हणून. कात्री लागली की तेही घरी काढलेल्या रसाइतकंच नाशवंत. म्हणून कालवण गॅसवर असतानाच मी उरलेलं गोठवायला लावते. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये पडलेलं गोठवू नये. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. दूध वितळलं की पुन्हा वाढतात.

फुगलेलं पाकीट चवही न बघता टाकायचं. चांगलं असेल तर फोडण्याआधी खूप हलवायचं, नाहीतर घट्ट भाग आतच चिकटून राहतो. दूध बर्फाच्या धुतलेल्या, कोरड्या ट्रेमध्ये ओतायचं. गोठताना ते फुगतं, म्हणून खण काठोकाठ भरायचे नाहीत. माझ्या ट्रेच्या एका खणात 15 मिली मावतं, म्हणजे सहा वड्या झाल्या 90 मिली. तुमच्या ट्रेचं माप एकदा चमच्याने घेऊन ठेवा. वड्या कडक झाल्या की झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, वर तारीख लिहायची आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. डबा हवाच. शेजारी बांगडे असले तर नारळाच्या स्निग्धतेला तो वास हटकून लागतो. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन महिने चव चांगली राहते. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड नसतो, तिथलं मी आठवड्याभरात संपवते.

वितळल्यावर दूध फुटल्यासारखं, रवाळ दिसतं. ते नासलेलं नसतं. गोठताना स्निग्धांश आणि पाणी वेगळं झालेलं असतं. वड्या ओट्यावर वितळवायच्या नाहीत, कालवण शिजत आलं की मंद आचेवर थेट त्यात सोडायच्या, ढवळत राहायचं आणि एक हलकी उकळी येऊ द्यायची. आमसुलं आधी घातलेली असतील तर आच आणखी कमी ठेवा, आंबटपणाने दूध लवकर फुटतं. सोलकढीला मात्र हे दूध वापरू नका. रवाळपणा जिभेला जाणवतो, आणि सोलकढी उकळायची नसल्यामुळे तिला नुकतंच फोडलेलं पाकीट किंवा ताजा रसच हवा.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, तीही कधी कधी रात्रभर. फ्रीझर गच्च भरलेला आणि दार बंद असेल तर माल साधारण 48 तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर 24 तास. बर्फाच्या छोट्या कप्प्यात त्याहून बराच कमी. घरी नसताना काय झालं ते कळावं म्हणून एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवते. नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर वड्या पुन्हा कडक झालेल्या असल्या तरी टाकून द्यायच्या.