तुम्ही विचारलंत म्हणून : निम्म्या चांदीचे रुपये

घरी येणारा जो तो विचारतो, "व्हिक्टोरिया राणीचे चोख रुपये सोडून 1940 ते 45 चे हे हिणकस रुपये कशाला जमवता? भाव वाढायची वाट बघताय का?" नाही. विकायचेच असते तर आमच्या विट्यात सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्यांची काय कमी?

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रुपयात 10.7 ग्रॅम चांदी असायची. 1940 मध्ये ती 5.8 वर आणली; नाण्याचं वजन तेच, वर लिहिलेलं 'एक रुपया' तेच. ब्रिटन इथून माल उचलायचं, त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश पौंडांत, जमा दाखवायचे आणि त्या जोरावर इथे नोटा छापायच्या. महागाई भडकली. 1943 मध्ये एक पैशाच्या नाण्यालाही मधोमध भोक पडलं.

आजीने तेव्हा सांगलीच्या पेठेत विकलेल्या गुळाच्या पट्टीचे पैसे नोटांत घ्यायला साफ नकार दिला होता. "कागुद भिजतोय, उंदीर खातोय. बंदा रुपया द्या." अडत्याशी भांडून आणलेले रुपये तिने गाडग्यात पुरले, ते निघाले थेट आत्याच्या लग्नात. चुलते गलाईच्या धंद्यात. त्यांनी एकेका रुपयाच्या कडेवरून नख फिरवलं. 1940 नंतरच्या रुपयाला कडेच्या दात्यांमधून एक खाच जाते, ती नखाला लागते. मग एक रुपया ज्योतीवर धरला. काळाठिक्कर पडला.

"आये, ह्यात चांदी निम्मीच हाय."

"मी मोजून घेतल्यात. तुझ्या मुशीत काय झालं ते तू बघ."

भरल्या मांडवात, पाहुण्यांसमोर. परमुलखात लोक ज्याच्या हातात डोळे झाकून सोनं देत, त्याच्यावर आईने चोरीचा आळ घेतला. चुलते त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे दिवाळीलाही गावी येईनात. रुपयावरचं साल दाखवून मी आजीला किती समजावलं! तिला वाचता येत नव्हतं, आणि साल म्हणजे पुरावा हे तिला पटलंही नाही.

तरुणपणी मी रुपयातली चांदी अशी कमी करण्याला सरळ लूट म्हणायचो. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. चांदी कमी केली नसती तर होते नव्हते ते रुपये गाडग्यांत गेले असते; आजीनेच पुरले की! आणि बाजारात त्या रुपयाला रुपयाचाच माल मिळत होता, हेही खरं. पण चांदी निम्मी झाली, हे आमच्या आजीला सांगायला गावात कोण आलं होतं?