‘प्रॉमिनंट’ म्हणजे नेमकं किती? सीटी एन्टरोग्राफीचा माझा अनुभव

जेवलं की पोट फुगायचं, मुरडा यायचा. सोनोग्राफीत गॅस आडवा आला आणि एक्स-रेच्या रिपोर्टवर एवढंच छापून आलं, की लहान आतड्याचे वेढे ‘प्रॉमिनंट’, म्हणजे ठळक, आहेत. माप नाही, आकडा नाही. रात्री झोप येईना. चोपड्याचे आमचे डॉक्टर म्हणाले, जळगावला जाऊन सीटी एन्टरोग्राफी, म्हणजे लहान आतडं फुगवून केलेला सीटी स्कॅन, करा, म्हणजे मोजूनच कळेल.

किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी, संमतीची सही, पावती हे भराभर उरकलं. रखडलं ते पिण्यापाशी.

मॅनिटॉल मिसळलेलं गोडसर पाणी साधारण दीड लिटर, तासाभरात घोटघोट प्यायचं असतं. मॅनिटॉल आतड्यात फारसं शोषलं जात नाही, पाणी आतच धरून ठेवतं आणि आतडं फुगतं. मिटलेल्या आतड्याची भिंत जाड दिसते आणि रुंदी कळत नाही. शेतातल्या लपेटा पाइपात पाणी सोडल्यावरच त्याचा घेर दिसतो, तसंच. म्हणून शेवटचा घोट आणि फोटो यांत फार वेळ जाता कामा नये, नाहीतर पाणी पुढे मोठ्या आतड्यात निघून जातं.

हे त्या सेंटरला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तरी आम्हा तिघांना एकाच वेळी बाटल्या दिल्या. मशीन एक! त्यात अपघाताचा पेशंट आला. त्याला आधी घेतलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, घ्यायलाच हवं. पण मग आम्हाला ‘थांबा, पिऊ नका’ एवढं सांगायला काय जात होतं? शेजारच्या आजीबाईंचा भाचा तर त्यांना आग्रह करत होता, “मावशी, अजून एक बाटली बाकी शे.” त्या बिचाऱ्या पीतच होत्या. माझी संपून कितीतरी वेळ झाला होता. काउंटरवर विचारलं की एकच उत्तर, “काका, नंबर आला की बोलावू.” पोटात गुडगुड सुरू झाली. संडास एकच आणि त्याला आतून कडी.

शेवटी रेडिऑलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या. पहिला प्रश्न, “पिऊन किती वेळ झाला?” ऐकून त्यांनी काउंटरवाल्याकडे असं पाहिलं की माझा निम्मा राग तिथेच उतरला. मला आणखी अर्धा लिटर प्यायला लावून लगेच टेबलावर घेतलं. मीही ते एका दमात संपवलं. आतडं नीट उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध सोडतात, ते सोडलं की अंगभर ऊब पसरते, घाबरायचं नाही.

मॅडमनी स्क्रीनवर मोजून दाखवलं. मोठ्या माणसात लहान आतडं 3 सेंटिमीटर, मोठं आतडं 6 आणि त्याची सुरुवातीची पिशवी, म्हणजे सीकम, 9 सेंटिमीटरपर्यंत चालतं. 3-6-9 लक्षात ठेवा. फुगलेल्या लहान आतड्याची भिंत 3 मिलिमीटरच्या आत हवी. माझं सगळ्यात रुंद वेटोळं 2.3 सेंटिमीटर भरलं, भिंतही पातळ. एवढ्यासाठी माझी झोप गेली होती! छापील रिपोर्टात मात्र पुन्हा नुसतं ‘नॉर्मल’. मी काउंटरवरून हललो नाही, आकडे लिहून घेतले. तुम्हीही घ्या, पुढे कधी दुखलं तर तुलना कशाशी करणार?

मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. बाटली हातात घेण्यापूर्वी मशीन मोकळं कधी होणार ते विचारा. आणि तपासणी झाल्याझाल्या चोपड्याची एसटी धरू नका. ते पाणी जुलाबासारखं बाहेर पडतं आणि एसटी आपल्यासाठी मध्ये थांबत नाही.