फाइलीत राहिलेल्या चार ओळी

बारा वर्षं मी लोकांच्या वंशावळी तयार करून देतेय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जुन्या नोंदी शोधणं हेच कष्टाचं काम. खरं तर निम्मा जीव जातो तो कुणाला काय दिसू द्यायचं हे ठरवण्यात.

त्या सकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. गृहस्थ शांतपणे बोलत होते. नाव ऐकताच वंशवृक्षातली त्यांची जागा मला आठवली. त्यांनी विचारलं, “मी दत्तक आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

सहा वर्षांपासून. त्यांना स्वतःला कळून जेमतेम दहा तास झाले होते.

त्यांच्या आईची मुलाखत मीच घेतली होती. मध्येच आजी म्हणाल्या, “हे जरा बंद करा.” मी रेकॉर्डर बंद केला. मग त्यांनी धाकट्या मुलाबद्दल सांगितलं, आणि त्याला अजून सांगितलेलं नाही हेही. घरी आल्यावर मी त्या चार ओळी आजींच्या नोंदीखाली टीप म्हणून लिहून ठेवल्या. वंशावळीत खोटं राहू नये, एवढाच तेव्हा विचार होता.

पुढे त्या गृहस्थांच्या पुतण्याने वंशवृक्ष ऑनलाइन चढवायचा म्हणून फाइल मागितली. मी अख्खी जेडकॉम फाइल, म्हणजे वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीची फाइल, पाठवून दिली. ज्यांनी ही फाइल कधी उघडून पाहिली नाही त्यांना सांगते: ती साधी मजकुराची फाइल असते. कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शून्य, एक, दोन असे आकडे, पुढे नाव, जन्म, विवाह, आणि तितक्याच उघडपणे टीप. एखादी नोंद गोपनीय असल्याची खूण तिच्यात करता येते, पण ती नुसती खूण. पुढच्या सॉफ्टवेअरने पाळली तर पाळली. माझ्या स्क्रीनवर मी टिपा लपवल्या होत्या. फाइल बाहेर काढताना टिपा वगळायची खिडकी वेगळी असते, आणि त्या दिवशी मी ती उघडलीच नाही.

तरी सहा वर्षं काही झालं नाही, कारण आजी हयात होत्या. बहुतेक वंशावळ संकेतस्थळं जिवंत माणसाचा तपशील आपणहून झाकतात आणि मृत्यूची नोंद झाली की उघडतात. आजी गेल्या. पुतण्याने मायेने तारीख भरली आणि त्यांचं पान सगळ्यांना खुलं झालं, टिपेसकट. हे गृहस्थ तिथे आईचा फोटो लावायला गेले होते.

या व्यवस्थेचा मला मनापासून राग येतो. मेलेल्या माणसाच्या नोंदीत जिवंत माणसांच्या गोष्टी असतात, ही साधी बाब ती बांधणाऱ्यांना सुचू नये? आणि लोक समजतात, आपला पासवर्ड भक्कम म्हणजे झालं. 2023 मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी कंपनीत चोरट्यांनी, इतरत्र फुटलेले तेच पासवर्ड वापरून, थेट उघडली ती साधारण 14,000 खाती. माहिती गेली जवळपास 69 लाख लोकांची, कारण ती खाती नातेवाइकांशी जोडलेली होती. वंशवृक्षाचं कुलूप कधीच एकाच्या हातात नसतं. हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगते. पण फाइल मीच पाठवली होती.

संध्याकाळपर्यंत पुतण्याने पान काढलं. बिचारा रडत होता. तोवर दोन अनोळखी वंशवृक्षांत त्या पानाची नक्कल गेली होती. दोघांनाही लिहिलं. एकाने लगेच पुसलं, दुसऱ्याचं उत्तर अजून नाही. नंतरचे तीन दिवस मी आजवर पाठवलेली एकूण एक फाइल उघडून टिपा वाचत बसले. आता संवेदनशील गोष्ट मी फाइलीत ठेवतच नाही. ती वेगळ्या वहीत जाते, आणि सांगणाऱ्याने परवानगी दिली तरच.

आजींनी ती दिली नव्हती. रेकॉर्डर बंद करायला सांगणं म्हणजे दुसरं काय होतं?

आठवड्याने त्या गृहस्थांनी रेकॉर्डिंग मागितलं. मी दिलं. दोन तुकडे आहेत: पहिला मध्येच तुटतो, दुसऱ्यात आजी माहेरच्या घराबद्दल बोलतायत. रात्री त्यांचा निरोप आला, “मध्ये किती वेळ गेला?”

दोन्ही तुकड्यांच्या वेळा मी पाहिल्या. एकवीस मिनिटं.

रविवारी ते भेटायला येणार आहेत. त्या एकवीस मिनिटांतलं मला जेवढं आठवतं तेवढं त्यांना हवं आहे. लिहून नको, म्हणाले, तोंडीच सांगा.