आमच्या क्रशरची वाटचाल आणि ते सहा मीटरचं प्रकरण

वडील घणावर डबर फोडणाऱ्या टोळीचे मुकादम. मी १९९८ ला एक सेकंडहँड ट्रॅक्टर कम्प्रेसर आणि दोन जॅकहॅमर घेतले आणि काळ्या दगडात उतरलो. सोबतीला मेटकाका, मेटचं, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करायचं, सर्टिफिकेट असलेला आमच्या खाणींच्या पट्ट्यातला तेव्हा एकमेव माणूस. रॉडचं बिट घासलं की काका लांब बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, काढ रे तो रॉड, दगड खात नाही तो, धूळ खातोय. पुढे दगड फोडणारा जॉ क्रशर आला, खडी चाळणारा व्हायब्रेटर आला, क्रश सॅण्डसाठी व्हीएसआय हे बारीक करणारं मशीन आलं, हप्ते फिटले, ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०१५ च्या पावसाळ्यानंतरचं. शेजारच्या खाणीवाल्याने, नाव घेत नाही, पट्ट्यातल्या सगळ्यांना माहितीये, आमची तक्रार केली. त्या वेळी हायवेच्या खडीचं काम आमच्या दोघांत अडकलं होतं आणि रेट आमचा कमी होता, आता काय समजायचं ते समजा. तपासणीला खाण सुरक्षेचे साहेब आले, पूर्वेच्या फेसवर, म्हणजे दगड काढायच्या उभ्या भिंतीवर, वरून टेप सोडला आणि बेंचची, म्हणजे दगडातल्या पायरीची, उंची नऊ मीटर लिहिली. खाणींच्या १९६१ च्या रेग्युलेशनमधला नियम १०६ आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कठीण दगडात सहा मीटर, रुंदी उंचीपेक्षा कमी नको, मुरुमात दीड मीटरचे बेंच नाहीतर ४५ अंशाच्या आत उतार. आमचा दगड सहाच्या आतच होता. वरचा मुरूम पावसाने घसरून मधल्या बर्मवर, म्हणजे पायरीच्या सपाट जागेवर, बसला होता त्यामुळे दोन्ही मिळून एकच भिंत दिसत होती. पावसाळ्यात कुणाचा मुरूम घसरत नाही? पण फेस बंद, खाण अधिनियम १९५२ चं कलम २२, माणूस लावायचा नाही.

जो तो म्हणायचा, कोर्टात कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. कागदावर दंड होताच किती, त्याच कायद्याच्या कलम ७२अ खाली दोन हजारांपर्यंत (सहा महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली होती, ते कुणी सांगत नव्हतं). पण एकदा शिक्षा लागली आणि दोन वर्षांत परत त्याच तरतुदीचा भंग निघून शिक्षा लागली की कलम ७४ ने सगळं डबल. आणि न केलेलं कबूल का करायचं हो? मी अपील केलं.

आता इथे नवीन पोरांनी नीट वाचा. त्या १९५२ च्या कायद्यात अपिलाला दहा दिवस होते, आणि ते ऑर्डर हातात पडल्यापासून मोजायचे, म्हणून पोच देताना सहीखाली तारीख टाकाच. अपील केलं म्हणजे फेस चालू करता यायचा असं नाही, निकाल येईपर्यंत ऑर्डर पाळावीच लागायची, ती मोडली तर कलम ७२ब, तिथे कैद दोन वर्षांपर्यंत आणि वर दंड होता. रात्री चोरून दोन होल मारू म्हणणारे सल्लागार तुम्हालाही भेटतील, त्यांना गेटबाहेर ठेवा. बंदीच्या काळात कामगारांचा पूर्ण पगार द्यावा लागायचा नाहीतर त्याच पगारावर दुसरं काम. आम्ही त्यांना स्टॉकयार्ड आणि बेल्टच्या कामाला लावलं. धोका दूर करायला लागतील तेवढी माणसं मात्र फेसवर लावता यायची, हे पुष्कळांना माहीतच नसायचं! त्याच मुभेत काकांच्या देखरेखीखाली पोकलेनने वरून मुरूम उतरवला, बर्म उघडा केला, सर्व्हेअरने टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून सेक्शन, म्हणजे फेसचे उभे छेद, काढले आणि फेसला मोजणीची पट्टी उभी धरून फोटो घेतले. दगडाची उंची ५.८ मीटर, बर्मची रुंदी ६.२.

पण तोवर हॉपर रिकामा. एक जॉ क्रशर बंद पडला की काय होतं ते क्रशरवाल्यालाच कळतं, लाइट बिलाचा फिक्स चार्ज चालू, बँकेचा हप्ता चालू, आणि डंपरवाले रोज विचारणार, शेठ, कधी? हायवेचं काम शेजाऱ्याकडे गेलं. बायकोचे दागिने बँकेत गेले. त्या दिवसांत पेव्हिंग ब्लॉकवाले अण्णा आले, यार्डातली सगळी जुनी ग्रिट (बारीक खडी) आणि डस्ट (दगडाची भुकटी) चालू भावाने उचलली, ब्रासमागे एक रुपया कमी केला नाही, वर पुढच्या मालाचा ॲडव्हान्स देऊन गेले. डस्टची त्यांना तेव्हा गरज नव्हती हे मला मागून त्यांच्या सुपरवायझरकडून कळलं. आजही अण्णांची गाडी काट्यावर आली की बाकीच्यांनी थांबायचं, कुणाला राग येवो.

अपिलात ऑर्डर बदलली. मुरूम उतारात ठेवा, पावसाळ्याआधी आणि नंतर बर्म साफ करा एवढ्यावर फेस सुटला, उंचीचा मुद्दा गेला आणि केस उभीच राहिली नाही. शेजारी अजून सांगत फिरतो की आम्ही सेटिंग केली. सेक्शनचे ड्रॉइंग ऑफिसात लावलेत, येऊन स्वतः मोजावं त्याने.

आता १९५२ च्या कायद्याच्या जागी २०२० चा कामाच्या जागेच्या सुरक्षेचा नवा कोड आलाय, त्यात दोन हजारांची गोष्टच नाही, जिथे वेगळा दंड सांगितलेला नाही तिथेसुद्धा सुरुवात दोन लाखांपासून. म्हणून सांगतो, सर्व्हेअरचे पैसे वाचवू नका, दर पावसाळ्यानंतर सेक्शन काढून घ्या, आणि तपासणीत टेप कुठून कुठे धरला ते तिथल्या तिथे लिहून मॅनेजरची सही ठेवा. अपिलाचा आमचा नमुना हवा असेल तर दुपारी दोननंतर या, सकाळी मी काट्यावर असतो.