ट्रकच्या बॅटऱ्या बदलायच्या का? माझा अनुभव

माझी दहाचाकी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल उचलते. बॅटऱ्या चौथ्या वर्षात होत्या, सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरायला लागला, ड्रायव्हर म्हणाला शेठ जोडी बदलून टाका. पण सेल्फ जड फिरतो तो दरवेळी बॅटरीमुळेच असं नसतं, अर्थची वायर सैल असेल, टर्मिनलवर पावडर चढली असेल किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) कमी चार्ज देत असेल तरी हेच होतं आणि मग नवीन बॅटरीसुद्धा बसते. म्हणून आधी तुर्भ्याच्या वायरमन काकांना बोलावलं.

ते म्हणाले, "रात्रभर गाडी उभी राहू दे, सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नकोस." चालून आलेल्या गाडीचं व्होल्टेज फुगलेलं दिसतं, खरं कळत नाही. सकाळी मीटर लावला तर एक बॅटरी १२.६ व्होल्ट आणि दुसरी १२.१. सेल्फ मारताना पहिली १० च्या वर टिकली, दुसरी ९ च्याही खाली गेली. मग झाकणं उघडून ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता बघितली, पहिलीत सगळीकडे १.२५० च्या आसपास, दुसरीत एकच सेल (बॅटरीतला एक कप्पा) १.१५० ला अडकलेला. काका म्हणाले ही गेली, आता चार्जिंगला लावून पैसे घालवू नकोस.

एकाच वयाच्या दोन बॅटऱ्यांत एवढा फरक का, तर आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टीम आणि मोबाईल चार्जरची १२ व्होल्टची लाईन एकाच बॅटरीवरून काढली होती! दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या असतात, २४ व्होल्टचा अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो, त्यामुळे जिच्यावर जास्त लोड ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. माझ्या मते ट्रकवाल्यांनी सगळ्यात आधी हेच बघावं. मी २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बसवून घेतला.

बदलल्या मात्र दोन्ही. जुनी-नवीन जोडी लावली की चार्जिंग परत असमान होतं आणि नवी लवकर खराब होते. दुकानदार १५० एएचच्या, म्हणजे जास्त क्षमतेच्या बॅटऱ्या घ्या म्हणून मागे लागला होता, पण ट्रेमध्ये बसायला पाहिजे ना, आणि ठाणे-पनवेल पट्ट्यात थंडीत गाडी चालू न होण्याचा प्रश्नच नाही, इथे बॅटरीला मारते ती गरमी. म्हणून ट्रकच्या कंपनीने दिलेल्या एएचच्याच घेतल्या, दोन्ही एकाच बॅटरी कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. तारीख स्वतः वाचली, प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते बघितलं आणि दुकानातच मीटर लावला, कारण शेल्फवर पडून पडून पण बॅटरी उतरते. वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का घ्या. जुन्या बॅटऱ्या त्याच दुकानात दिल्या, बिलातून पैसे कमी झाले, शिसं आणि ॲसिड भंगारात कुठेतरी ओतलं जाण्यापेक्षा हे बरं.

बसवताना काकांनी मायनस आधी काढली आणि शेवटी जोडली, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावली. गाडी चालू करून मीटर बघितला, २८.१, म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे.