उतुआदोच्या डोंगरात औषधं घेऊन गेलो तेव्हा: ते चार किलोमीटर आणि बाकीचं

अटलांटिकमधला हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि दरवर्षी तो आला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, आम्ही ग्रुपने मदतीला जातोय, काय नेऊ? फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी फार्मसिस्ट आहे. २०१७ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्वेर्तो रिकोला, म्हणजे अमेरिकेच्या अखत्यारीतल्या कॅरिबियन बेटावर, गेले होते, दोन डॉक्टर, एक नर्स आणि मी. मारिया हे हरिकेन २० सप्टेंबरला याबुकोआजवळ किनाऱ्याला लागलं, कॅटेगरी ४, वारा ताशी २५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा पाच आठवडे होऊन गेले होते. निघताना आम्हाला सांगितलं होतं की रस्ता मोकळा झालाय, गाडी वस्तीपर्यंत जाते आणि जखमांचं सामान जास्त आणा. तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या.

सान हुआनमध्ये दोन दिवस गेले, काही अडचण आली नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. एवढंच, की बंदरात हजारो कंटेनर नुसते पडून होते असं सगळीकडे ऐकायला मिळायचं आणि ते खरंच होतं, कारण डिझेल नाही, ट्रकवाल्यांना फोन लागत नाहीत कारण टॉवर पडलेले, आणि डोंगरातले रस्ते दरडींनी बंद. त्यामुळे मोठ्या शहरात सामान पाठवलं म्हणजे ते लोकांपर्यंत पोचलं असं अजिबात धरू नका.

आता मुख्य गोष्ट. आरेसिबोहून उतुआदोला १० नंबरचा रस्ता जातो, तो एका लेनने का होईना चालू होता. उतुआदो गावाच्या पुढे वर एक वस्ती आहे, तिथे आम्हाला जायचं होतं. पिकअपवाल्याशी फोनवर बोलणं झालेलं, दिवसाचे ८० डॉलर. सकाळी माणूस आला आणि म्हणाला ३५०, आणि तेही रोख, कारण कार्डं कुठे चालत नव्हती. आमच्याकडे चार खोकी, वेळ नाही, दुसरी गाडी नाही, दिले. आणि त्याने आम्हाला वस्तीच्या चार किलोमीटर आधी उतरवलं, पुढे दरड आहे म्हणाला, आणि ती त्याला आदल्या रात्रीही माहीत होती! पैशांपेक्षा मला याचा राग आजही आहे, कारण आदल्या रात्री कळलं असतं तर आम्ही सामान वेगळं भरलं असतं. पेट्रोलच्या रांगेत तासन् तास उभं राहावं लागत होतं तेव्हा भाव वाढणार हे मला मान्य आहे. लपवणं मान्य नाही. तुम्ही गाडी ठरवाल तेव्हा एकच प्रश्न विचारा, काल तुम्ही स्वतः कुठपर्यंत गेला होतात? आणि अर्धे पैसे परत आणून सोडल्यावर द्या. १० आणि २० च्या नोटा न्या, मोठ्या नोटेला सुट्टे कुणाकडे नसतात.

ते चार किलोमीटर आम्हाला पावणेतीन तास लागले. लाल चिकणमाती, बूट प्रत्येक पावलाला ओढून काढायचा, आडवे पडलेले बांबू, मधेच विजेच्या तारा लोंबतायत, वीज नाही हे माहीत असूनही त्यांना हात लावायचा नाही कारण वर कुणी जनरेटर चुकीचा जोडला असेल तर तार जिवंत होते. प्रत्येकाच्या पाठीवर १८ किलो. आणि त्यात सलाइनच्या एक एक लिटरच्या पिशव्या, ज्या मीच भरायला लावल्या होत्या. लिटरला किलो पडतो. वर एकही पिशवी लागली नाही. परत आल्यावर कळलं की अमेरिकेतल्याच हॉस्पिटलांना सलाइन मिळेना, कारण सलाइनच्या छोट्या पिशव्या बनवणारे मोठे कारखाने प्वेर्तो रिकोत होते आणि वादळाने बंद पडलेले, तेव्हा तर जास्तच वाईट वाटलं. सलाइन नेऊ नका. ओआरएसची पाकिटं न्या, किलोभरात वस्ती भागते.

वाटेत ओढा लागतो. सकाळी नऊला गुडघ्याएवढं पाणी. दुपारी डोंगरात पाऊस पडतो म्हणून एकच्या आत परत फिरायचं असं ठरवलं होतं, आम्ही तीनला निघालो आणि तेव्हा पाणी मांडीच्या वर, एकमेकांचे हात धरून पार केलं. पुन्हा असं करणार नाही, तुम्हीही करू नका, उशीर झाला तर वरच राहा. त्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, मारियानंतर लेप्टोच्या केसेस वाढल्या होत्या, म्हणून डॉक्टरांना विचारून आठवड्याला २०० मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लिन निघण्याआधीच सुरू करा, जखम उघडी ठेवू नका.

वर काय होतं? टाके घालायचं सामान आम्ही दोन खोकी नेलं, टाके पडले दोघांना, दोघंही झाड कापताना करवत लागलेले. बाकी सगळे, जवळजवळ सगळे, गोळ्या संपलेले. प्रेसिऑन म्हणजे बीपी, आणि असूकार म्हणजे साखर, आपण ‘शुगर आहे’ म्हणतो अगदी तसंच ते म्हणतात. हे दोन शब्द येत असले तर निम्मं काम होतं. एक आजी तीन आठवडे बीपीची गोळी अर्धी अर्धी करून घेत होत्या. एक माणूस दम्याच्या मुलाला नेब्युलायझर द्यायला रात्रभर गाडीत बसायचा, गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून. आणि तिघांनी इन्सुलिन फेकून दिलेलं, फ्रिज बंद म्हणून खराब झालं समजून. हे लक्षात ठेवा आणि तिथे प्रत्येकाला सांगा, बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चालतं, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत वाऱ्याला ठेवायचं, उन्हात आणि गाडीत नाही. मला तो दिवस आठवला की अजून पोटात कालवतं.

सरकारी आकडा आधी ६४ मृत्यूंचा होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ झाला. वर जाऊन आलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही, वादळ एक दिवस असतं आणि बंद पडलेली गोळी महिनोन् महिने. सगळीकडे वीज यायला तर जवळपास वर्ष गेलं.

म्हणून सामान असं भरा. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि लोसार्टन, शुगरसाठी मेटफॉर्मिन, दम्यासाठी अल्ब्युटेरॉलचे इनहेलर. हजार गोळ्यांची बाटली नेऊन तिथे मोजत बसू नका, आम्ही बसलो, पाऊस सुरू झाला आणि उशीर झाला तो यामुळेच. घरूनच ३० दिवसांच्या पिशव्या करा, वर स्पॅनिशमध्ये नाव, सूर्य आणि चंद्राचं चित्र. एक्सपायरी वर्षभर तरी लांब हवी, डब्ल्यूएचओचाही दान दिलेल्या औषधांसाठी तोच नियम आहे. लोकांनी घरातली उरलेली औषधं आणून दिली तर घेऊ नका, नाही म्हणा. पाण्यासाठी बिनवासाचं ६ टक्के ब्लीच, गॅलनला (पावणेचार लिटरला) ८ थेंब, अर्धा तास थांबायचं, त्यासाठी ड्रॉपर न्या, ते कुणीच नेत नाही. कपडे नेऊ नका. निळ्या ताडपत्र्या मात्र कितीही नेल्या तरी कमीच.

तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, ते आपल्यापेक्षा पुढे असतात. तिथेच रिओ आबाहोत पूल वाहून गेल्यावर लोकांनी तार बांधून त्यावर सुपरमार्केटची ढकलगाडी टांगली आणि नदीपलीकडे सामान ओढलं. आम्ही पोचायच्या आधी वस्तीतल्या बायकांनी कुणाला काय आजार आहे याची यादी करून ठेवली होती, घर आणि वयासकट. आम्ही त्याच वहीत कुणाला कोणती गोळी दिली आणि ती कुठल्या तारखेला संपणार ते लिहिलं आणि वही त्या अर्ध्या गोळीवाल्या आजींकडे ठेवली. नोव्हेंबरमध्ये दुसरी टीम गेली, तारखेच्या चार दिवस आधी. त्यांनी फोटो पाठवला, आजी दारात वही घेऊन उभ्या आहेत, आणि आमच्या अक्षराखाली त्यांनी स्वतः आणखी सात जणांची नावं लिहिलेली आहेत.