तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दिवशी हात का उचलला नाही

"चार वर्षं सेल्फ डिफेन्सच्या क्लासला जातोस ना? मग विरार गाडीत थोबाडीत खाल्लीस तेव्हा काय झालं?"

मेव्हण्याने विचारलं, सोसायटीच्या गेटवर विचारलं, ऑफिसात डबा खाताना तर दोनदा. दर वेळी मी "गर्दी होती" म्हणून विषय बदलला. आता एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा विचारणाऱ्याला हेच वाचायला देता येईल.

मुंबईत बोरिवलीच्या माणसाने संध्याकाळी विरार फास्ट लोकलमध्ये का चढू नये, हे तुम्हाला माहीत आहे: दारातले विरारकडचे रोजचे प्रवासी त्याला मधे उतरू देत नाहीत. ते सोडून देतो.

क्लास लावला तेव्हा मी 42 वर्षांचा होतो. त्याच्या आधी एकदा लोकलच्या दारात उभा राहून फोनवर बोलत होतो, गाडी जरा हळू झाली आणि रुळांशेजारच्या माणसाने माझ्या हातावर काठीचा फटका मारला. फोन गेला. मनगट महिनाभर सुजलेलं होतं, पण खरा त्रास वेगळाच होता. रात्री झोपताना मी त्या माणसाला मारत असे, रोज, वेगवेगळ्या पद्धतीने. मला बचाव शिकायचा नव्हता. मला मारायला शिकायचं होतं. हे मी फॉर्म भरताना लिहिलं नाही, पण सरांनी बहुतेक ओळखलं असावं.

पहिले तीन रविवार त्यांनी फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि पाठ मॅटला लागतानाच हात आपटायचे, म्हणजे डोकं वाचतं. मग मनगट सोडवणं: समोरच्याच्या पकडीत अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे फट असते, आपला हात त्या दिशेने वळवून ओढायचा. ताकद लावून सरळ मागे ओढलात तर सुटत नाही. मग उभं राहणं: पंजे उघडे, छातीच्या उंचीवर, जणू समजूत घालतोय असे. बघणाऱ्याला ती विनवणी दिसते, पण हात तोंड वाचवायला तयार असतात. समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, हातांकडे बघायचं. चाकू दिसला तर पाकीट टाकून पळायचं. आणि कायदा. तेव्हा स्वसंरक्षणासाठी भारतीय दंड संहितेची 96 ते 106 कलमं होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत तीच बाब कलम 34 ते 44 मध्ये आहे. सरांनी त्यातलं एकच वाक्य पाठ करून घेतलं: बचावाला लागते त्याहून जास्त इजा केलीत, तर तो बचाव राहत नाही.

सर म्हणायचे, दोन हात अंतर ठेवा. मी एकदा विचारलं, सर, लोकलमध्ये? पीक अवरला एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, हा रेल्वेच्याच लोकांनी वापरलेला आकडा आहे. सर म्हणाले, "तिथे तोंड वापरायचं." तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं.

आता तो शनिवार.

मुलाला, तो तेव्हा 13 वर्षांचा, धोबी तलावला बॅट घ्यायला नेलं होतं. पहिली लेदर बॉलची बॅट. कव्हरसकट ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती, रस्ताभर माझ्या हातात दिली नाही. चर्चगेटला बोरिवली फास्ट डोळ्यांदेखत गेली आणि समोर विरार लागली. मीच म्हणालो, चल. ही पहिली चूक, आणि ती माझी.

अंधेरी सोडल्यावर मी दाराकडे सरकायला लागलो. दारात नेहमीचा ग्रुप होता, सहा-सात जण. म्हणालो, "बोरिवलीला उतरायचंय, जरा सरका." मधल्या दांड्याला धरून, पाठ बाहेर करून उभा असलेला एक जण म्हणाला, "बोरिवली गाडी असते ना? ती पकडायची." इथपर्यंत रोजचंच. इथे पूर्वीचा मी "सॉरी दादा, मुलगा बरोबर आहे" म्हणालो असतो, त्यांनी दोन शब्द ऐकवून कदाचित उतरू दिलं असतं. पण मी चार वर्षं क्लासला जात होतो. मान ताठ होती. मी म्हणालो, "पास माझ्याकडेही आहे. गाडी तुमच्या नावावर नाही."

हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाने ऐकलंय, बाकी कुणाला माहीत नव्हतं. क्लास नसता तर ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

थप्पड आली ती त्याच्याकडून नाही, बाजूच्याकडून, जिथे मी बघत नव्हतो. चष्मा उडाला. डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. आणि माझे पंजे वर आले, उघडे, छातीच्या उंचीवर. हे खरंच झालं. विचार न करता झालं.

पुढचे काही सेकंद मला अजून फोटोसारखे दिसतात, चष्मा नव्हता तरी. समोर पाठ बाहेर केलेला माणूस. एक हात दांड्यावर, दुसरा माझ्याकडे रोखलेला. त्याच्यामागे उघडं दार, जोगेश्वरीचे दिवे पळतायत. तळहाताच्या खालच्या भागाने हनुवटीवर मारायचा फटका मी शेकडो वेळा पॅडवर मारलाय. इथे मारला असता तर दांड्यावरचा हात सुटला असता. तो माणूस मेला असता. कदाचित त्याच्याबरोबर आणखी कुणी. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं कशी पडली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. तिथे तर कुणी कुणाला फटकाही मारला नव्हता.

मी म्हणालो, "चुकलं दादा. मुलगा बरोबर आहे."

तेच वाक्य. जे एक मिनिट आधी फुकटात बोलता आलं असतं.

त्यांच्यातल्याच एकाने वाकून माझा चष्मा उचलला, शर्टाला पुसला आणि हातात दिला. काही बोलला नाही. बोरिवली आलं, त्यांनी उतरू दिलं नाही, आम्ही भाईंदरला उतरलो. चर्चगेटकडची स्लो पकडून परत आलो. बॅट मुलाच्या हातातच होती. दहिसर गेल्यावर त्याने विचारलं, "बाबा, तू सॉरी का म्हणालास?"

मी म्हणालो, दार उघडं होतं. तो म्हणाला, "मारणारा दारात नव्हता. तो बाजूला होता."

आणि हे बरोबर आहे. म्हणून मला झोप येत नाही. दाराचं कारण मी त्या रात्रीपासून सगळ्यांना सांगतोय, बायकोला, मेव्हण्याला, स्वतःला. पण थप्पड मारणाऱ्याच्या मागे दार नव्हतं, डब्याचा पत्रा होता. त्याला मी ढकलू शकलो असतो. निदान हात धरू शकलो असतो. मी दाराचा हिशोब खरंच त्या क्षणी केला, की पाय लटपटत होते आणि हिशोब भाईंदरच्या पुलावर मागाहून जुळवला? पाय लटपटत होते हे नक्की. पंजे वर होते हेही नक्की. दोन्ही एकाच वेळी होतं.

42 वर्षांच्या त्या माणसाशी माझं रोज भांडण होतं. तो म्हणतो, याचसाठी फी भरली का? मी म्हणतो, सात जण होते, पोरगं बरोबर होतं, तू असतास तर काय केलं असतंस? तो म्हणतो, मी ते पासचं वाक्यच बोललो नसतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उतरल्यावर रेल्वे हेल्पलाइनच्या 139 ला किंवा रेल्वे पोलिसांच्या 1512 ला फोनही केला नाही. दोन्ही नंबर क्लासमध्ये आम्हीच फळ्यावर लिहिले होते. का केला नाही, तर मुलासमोर पुन्हा एकदा सगळं सांगावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी दोघं पोचलात?" हो म्हणालो. "मग चला, वॉर्म-अप." मला राग आला. नंतर त्यांनी माझ्यासाठी नवा सराव काढला: जोडीदार शिव्या देतो, छातीवर बोट टोचतो, हळूच थोबाडीत मारतो, आणि मी आवाज न चढवता बोलत राहायचं, बोलता बोलता भिंतीकडून दाराकडे सरकायचं. फटके मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. माझा आवाज दर वेळी तिसऱ्या वाक्याला फाटतो.

म्हणजे उपयोग झाला की नाही, हे तुम्ही विचाराल. त्या थपडेनंतर कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही. पण ती थप्पड क्लासमुळेच आली, हेही मी वर लिहिलंय. यातलं एक खोडून दुसरं ठेवायला सांगू नका.

क्लास सोडलेला नाही. मुलाला चल म्हणालो होतो, तो नको म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. ऑफिस सुटल्यावर आता मी बोरिवली स्लो पकडतो. घरी सांगितलंय की बसायला मिळतं म्हणून. मुलगा ते ऐकतो आणि बॅटला तेल लावत राहतो.